फोटोच्या पाठीवर

त्या शहरात दगडसुद्धा पदवीधर आहेत, असं लोक गमतीनं म्हणतात. पाचशे वर्षांचं विद्यापीठ, त्याचा मोठा दरवाजा, दरवाज्यावर दोन दगडी विद्वान आणि त्या विद्वानांच्या डोक्यांवर बसलेली कबुतरं. जगभरातून माणसं येतात, दरवाज्यासमोर उभी राहतात, फोटो काढतात आणि जातात. सगळ्यांचा फोटो एकच. उद्या त्यांची आपसात अदलाबदल झाली तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही.

हसाकाकांनी तसले फोटो एकतीस वर्षं काढले. पदवीदानाच्या दिवशी काळे झगे घातलेली पोरं रांगेनं यायची, काका "हसा" म्हणायचे, पोरं हसायची, की पुढचा. या एका शब्दापायी त्यांचं खरं नाव लोक विसरूनच गेले. बायकोसुद्धा रागात असली की "हसाकाका, जेवायला या" म्हणायची. स्वतः काका मात्र फारसे हसत नसत. विद्यापीठाशी त्यांचा करार होता : समारंभाचे आणि ऑफिसला लागतील ते सगळे फोटो त्यांनीच काढायचे. करारानं पोट भरत होतं. मन भरत नव्हतं, आणि हे त्यांना बावीस वर्षांपूर्वीच कळलं होतं.

तेव्हापासून ते वेळ मिळेल तसं दरवाज्याकडं पाठ करून हिंडायला लागले. मागच्या बाजूला बघण्यासारखं खूप होतं आणि बघणारं कुणी नव्हतं. सकाळी पायऱ्यांवरचं शेवाळ तारेच्या ब्रशनं घासणारी बाई होती. तिचं घासून झालं की त्याच पायऱ्यांवर बसून पोरं तत्त्वज्ञान झाडायची. ग्रंथालयाच्या तळघरात खळ लावून पुस्तकं बांधणारा बाइंडर होता. त्यानं उभ्या जन्मात त्यातलं एकही वाचलं नव्हतं. "आतलं विद्वानांनी बघावं, मी पाठ बघतो," म्हणायचा. मनोऱ्याच्या दोनशे अकरा पायऱ्या चढून मोठ्या घड्याळाला चावी देणारा घड्याळवाला होता. सकाळ-संध्याकाळ चढ-उतार करायला त्याचे गुडघे तयार नव्हते, म्हणून त्यानं वरच एक आरामखुर्ची आणि चहाची शेगडी नेऊन ठेवली होती. साऱ्या शहराला वेळ सांगणारा हा माणूस दुपारभर वर घोरत असायचा.

हे सगळं काकांनी टिपलं. बुटांच्या रिकाम्या खोक्यांत ते प्रिंट साठत गेले आणि खोकी पलंगाखाली गेली. "अख्खं विद्यापीठ भरलंय खाली, झाडू कुठून मारू?" बायको विचारायची. तिचंही चूक नव्हतं.

काकांची एक सवय होती. ते ज्यांच्या हाताखाली शिकले ते म्हातारे फोटोग्राफर म्हणायचे, पाठ कोरी असलेला फोटो बेवारस. म्हणून काका प्रत्येक प्रिंटच्या मागं पेन्सिलीनं लिहायचे : कोण, कुठं, किती वाजता, किती वर्षांपासून. विचारून लिहायचे, अक्षर नीट काढायचे. एकही पाठ त्यांनी कोरी ठेवली नाही.

आता ताईबद्दल. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, आणि तशी अख्ख्या विद्यापीठाची ताई. ती झग्यांच्या खोलीत काम करायची. सभागृहाच्या मागं एक लांबलचक खोली, तिच्यात लोखंडी नळ्यांच्या सात रांगा, आणि त्यांवर अकराशे चाळीस झगे. समारंभाच्या आधी ते धुऊन, शिवून, वाफेच्या इस्त्रीनं सरळ करायचे, आणि नंतर पुन्हा तेच. खिशांत काय काय सापडायचं! चॉकलेटचे कागद, न दिलेली चिठ्ठी, एकदा तर कुणाचा तरी दात. टोप्यांचीही मापं ताईकडंच. "एवढा मोठा विद्वान, आणि डोकं बघ, पोराची टोपी बसते," असं ती कुलगुरूंबद्दल म्हणायची आणि कुलगुरू ऐकून हसायचे.

झग्यांच्या शेवटच्या रांगेमागं एक पडदा होता आणि पडद्यामागं ताईचं घर. एक खाट, एक स्टोव्ह, दोन पातेली आणि कचऱ्याच्या डब्यांच्या अंगणात उघडणारी खिडकी. विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांखेरीज कुणी राहायचं नाही असा नियम होता. पण नवरा गेल्यावर ताई भावाकडं आली, तेव्हा काकांच्या दोन खोल्यांत आधीच पाच माणसं होती. सहा महिन्यांत भांड्याला भांडं लागायला लागलं. त्या सुमारास जुने रजिस्ट्रार आपला उसवलेला झगा घेऊन झग्यांच्या खोलीवर आले आणि जाता जाता म्हणाले, "बाई, रात्रीचे उंदीर कुरतडतात झगे. कुणीतरी इथं असलेलं बरं." एवढंच. ना सही, ना शिक्का. ताईनं दुसऱ्या दिवशी खाट आणली. ही गोष्ट एकोणीस वर्षं सगळ्यांना ठाऊक होती, फक्त कागदाला ठाऊक नव्हती. त्या पडद्याखेरीज ताईला जगात दुसरी जागा नव्हती.

काकांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो त्या पडद्यामागचाच. सकाळची वेळ. ताई खाटेच्या कडेला बसून झग्याची किनार शिवतेय, चष्मा नाकावर घसरलाय, मागं काळ्या झग्यांची भिंत, आणि बाजूला स्टोव्हवर दूध वर येतंय. ते दूध नेमकं काठाशी यावं म्हणून काकांनी तीन सकाळी वाट पाहिली होती. दोनदा ते उतू गेलं आणि ताईनं त्यांना फडकं देऊन पुसायला लावलं.

मग एक दिवस मालमत्ता विभागाच्या नव्या मॅडम ओळखपत्राच्या फोटोसाठी काकांच्या दुकानात आल्या. वय पस्तिशीचं, हुशार, बोलायला गोड. या बाईंना खलनायिका करायचा मोह होतो, पण त्या तशा नव्हत्या, हीच तर पंचाईत. टेबलावर एक खोकं उघडं होतं. मॅडमनी एक प्रिंट उचलला, मग दुसरा, आणि मग खुर्ची ओढून बसल्याच. एक प्रिंट उलटा करून त्यांनी मागचं वाचलं.

"काका, हे कोण लिहितं?"

"मीच."

"हे सोनं आहे हो. फोटो कुणीही काढेल. हे कोण लिहून ठेवतं?"

फोटोग्राफरला असं म्हणणं म्हणजे खरं तर अपमानच, पण काकांच्या कानाला तो गोड लागला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी सोनं म्हणालं होतं. पाचशेव्या वर्षाचा उत्सव तोंडावर आहे, मॅडम सांगत होत्या, मोठ्या सभागृहात प्रदर्शन लावू, 'कुणी न पाहिलेलं विद्यापीठ'. चांगले फोटो निवडून द्या, आणि मागचं जसंच्या तसं असू द्या.

काकांनी शहाऐंशी निवडले. ताईचा निवडताना मात्र ते आधी तिच्याकडं गेले. ताई इस्त्री फिरवत होती. तिनं फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला.

"चांगला आलाय रे. एवढी म्हातारी झाले होय मी?" मग तिनं तो उलटा केला. मागं लिहिलं होतं : झग्यांची खोली, पडद्यामागं. सकाळी साडेसहा. ताई इथंच राहते, एकोणीस वर्षं. "हे खोड," ती म्हणाली.

"का गं? कोण वाचतंय?"

"कोण वाचतंय म्हणून लिहितोस मग? अरे, नुसता फोटो बघून लोक म्हणतील, बाई काम करतेय. वाचलं की म्हणतील, राहतेय. फोटो दे खुशाल. पण मागचं खोड."

"खोडतो," काका म्हणाले.

दुपारी दुकानात त्यांनी रबर काढलं. 'ताई' या शब्दावर एकदा फिरवलं, आणि थांबले. शहाऐंशीतला हा एकटा कोऱ्या पाठीचा? सगळ्यात चांगला, आणि तोच बेवारस? मॅडम उलटून बघतील आणि त्यांना काहीच दिसणार नाही. त्यांनी पुसट झालेला शब्द पुन्हा गिरवला. हा लोभ होता. कौतुकाचा लोभ पैशाच्या लोभाहून वाईट, कारण माणूस त्याला लोभ म्हणतच नाही. ताईला त्यांनी संध्याकाळी जाता जाता सांगून टाकलं, "खोडलं हं."

मॅडमच्या ऑफिसात एका कारकुनानं शहाऐंशी पाठी टाइप केल्या. सुबक यादी झाली : स्थळ, व्यक्ती, वेळ, काळ. प्रदर्शनाच्या पाट्यांसाठी होती ती. पण यादीला पाय फुटतात. उत्सवाला मोठमोठे पाहुणे येणार म्हणून त्याच महिन्यात आगीपासूनच्या सुरक्षेची समिती बसली होती. इमारतींत कुठं काय चालतं याचा धड नकाशासुद्धा समितीकडं नव्हता. कुणीतरी म्हणालं, अहो, आपल्याकडं यादी आहे की. शहाऐंशी फोटोंतून नियमाबाहेरच्या तेवीस जागा निघाल्या. तपासायला कुणाला जिना चढावा लागला नाही, सगळं काकांच्या सुवाच्य अक्षरात होतं.

पहिला गेला घड्याळवाला. त्याची आरामखुर्ची आणि शेगडी दोन माणसांनी खाली आणली. आठवडाभर त्यानं दोन-दोन वेळा चढून बघितलं आणि मग राजीनामा दिला. रस्त्यात काका भेटले तेव्हा तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "काका, माझ्या झोपेचा फोटो काढलात तेव्हा मी झोपेत होतो. तुम्ही तर जागे होतात ना?"

 काका तसेच झग्यांच्या खोलीकडं धावले, पण नोटीस त्यांच्याआधी पोचली होती. पंधरा दिवसांत अनधिकृत वास्तव्य हलवावं. खाली आणखी एक ओळ होती : यापुढे झग्यांचं काम बाहेरच्या लाँड्रीकडे सोपवलं जाईल. समितीनं एका दगडात दोन पक्षी मारले होते. ताईनं नोटीस घडी करून इस्त्रीच्या टेबलावर ठेवली होती.

"खोडलं म्हणालास," ती म्हणाली.

"ताई..."

"म्हणालास ना?"

"म्हणालो."

ताईनं पुढचा झगा टेबलावर पसरला आणि बाही सरळ करायला घेतली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. लहानपणी तिनं त्यांना चांगलं बदडलं होतं, आताही बदडायला हवं होतं. ती इस्त्री करत राहिली आणि काका दाराशी उभे राहिले. मग कुणीतरी टोपी न्यायला आलं म्हणून त्यांना बाजूला व्हावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमकडं गेले.

"मॅडम, ते मी चुकून लिहिलं. ताई तिथं राहत नाही. कामाला येते आणि जाते."

मॅडमना वाईट वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी फोटो काढून टेबलावर ठेवला. "काका, ही खाट?"

"झगे ठेवायला."

"पेल्यात टूथब्रश आहे."

 त्या ब्रशचा एकेक केस फोटोत स्पष्ट दिसत होता. चांगली लेन्स होती ती, काकांना तिचा अभिमान होता.

"आणि हे दूध, काका?"

त्या दुधासाठी तीन सकाळी वाट पाहिल्याचं काका काय सांगणार! स्वतःच्या उत्तम कामानं त्यांचं तोंड बंद केलं होतं.

"नियम मी केलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या आग लागली आणि आत माणूस सापडलं तर मला जबाबदार धरतील. आधी मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे वरच्यांनाही माहीत आहे. सांगा, मी काय करू?"

 खरं तर काका बाईंना दोष द्यायला आले होते, पण दोष द्यायला तिथं फक्त त्यांचंच अक्षर होतं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ती म्हणाली. मग भांडी आवरत म्हणाली, "वन्संना घेऊन या इकडं. झालं गेलं ते झालं." हे म्हणायला तिला जड गेलं असणार, पण ती म्हणाली. ताई आली, चहा प्यायली. आता घरात मुलगा, सून आणि दोन महिन्यांचं बाळही होतं. सुनेनं बाळाची झोळी स्वयंपाकघरात हलवते म्हणून सांगितलं. मुलानं आपण बाहेर व्हरांड्यात झोपू म्हणून सांगितलं. काका पलंगाखाली वाकून खोकी ओढायला लागले, तेवढीच जागा होईल म्हणून.

"राहू दे," ताई म्हणाली. "आधी इथून गेले तेव्हा दोघी बोलत तरी होतो. आता परत येऊन तेही घालवायचं का?" बायकोनं डोळ्यांना पदर लावला. ताई खरं बोलत होती, आणि तेवढी जागा त्या घरात नव्हतीच.

नोटिशीनंतर नवव्या दिवशी प्रदर्शन उघडलं. काका गेले. जायला नको होतं, पण बावीस वर्षं थांबलेला माणूस जातोच. सभागृहाच्या दाराशीच ताई होती, माणसाच्या उंचीएवढी, दूध काठाशी आलेलं. खाली पाटी होती आणि पाटीवर काकांचीच ओळ. लोक थांबत होते, वाचत होते. एका प्राध्यापिकेनं काकांचा हात हातात घेऊन म्हटलं, "किती माया आहे हो तुमच्या नजरेत." काकांना आनंद झाला. चांगला क्षणभर झाला, आणि नंतर त्या आनंदाची इतकी लाज वाटली की ते चहा न घेताच निघाले. ही बाई आता कुठं असते, असं मात्र त्या गर्दीत कुणीच विचारलं नाही. सभागृहाच्या मागच्याच खोलीत ती त्या वेळी पातेली घासून पोत्यात भरत होती.

शहराबाहेर एक वृद्धाश्रम होता. एका खोलीत बारा खाटा, दिवसाला दोन बस. ताईनं स्वतःच जाऊन नाव घातलं. "बारा जणी आहेत. एक तर नक्की घोरणारी असेल," ती म्हणाली. काका हसले नाहीत.

पंधराव्या दिवशी सकाळी मालमत्ता विभागाचा निरोप आला. झग्यांची खोली रिकामी झाल्याचा फोटो फाइलला हवा होता, आजच. जागा पूर्ण मोकळी दिसली पाहिजे, आत माणूस किंवा सामान असू नये. करारात बसत होतं ते. काकांनी निरोप हातात धरून बराच वेळ काढला. नाही म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. पण मुलाला काम नव्हतं, घर चालत होतं ते करारावर, आणि नाही म्हणून ताईची खाट काही परत येणार नव्हती.

ते गेले तेव्हा नळ्या रिकाम्या होत्या. झगे आदल्या दिवशीच लाँड्रीच्या गाडीतून गेले होते. पडदा काढलेला होता, आणि खोली पहिल्यांदाच या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होती. वाटलं होतं त्याहून ती लहान होती. ताई खिडकीपाशी उभी होती, हातात पोतं, काखेत चादरीची वळकटी. बस दहाची होती.

"आलास? मला वाटलं बसपर्यंत सोडायला आलास," ती म्हणाली. मग तिला खांद्यावरचा कॅमेरा दिसला.

काकांनी निरोपाचा कागद तिच्या हातात दिला. तोंडानं सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. ताईनं चष्मा लावून तो वाचला, परत दिला.

"काढ," ती म्हणाली. "तू नाही काढलास तर दुसरा येईल. घाई कर मात्र, बस जाईल."

काकांनी तिवई उभी केली. उजेड बरा होता. त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि काचेत मधोमध ताई होती, पोतं धरून, त्यांच्याकडं बघत. बावीस वर्षांत यापेक्षा चांगला फोटो त्यांच्यासमोर आला नव्हता, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. बोट बटणावर होतं. ताई वाट बघत होती. क्षणभर तिनं डोक्यावरचे केसही नीट केले.

"ताई," काका म्हणाले, "जरा बाजूला हो."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. ती भिंतीकडं सरकली. तिची सावली अजून फरशीवर येत होती.

"आणखी थोडी," काका म्हणाले.

ताई दाराबाहेर गेली, अंगणात, कचऱ्याच्या डब्यांपाशी. काकांनी दोन फोटो काढले. दोन्ही व्यवस्थित आले. ऑफिसनं त्यातला पहिला ठेवून घेतला आणि फाइल त्याच दिवशी बंद झाली.